प्रशिक्षक पुन्हा बदलला. आता लाइनआउट कोण बसवणार?

माननीय क्रीडामंत्री महोदय,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय रग्बी संघाचा मुख्य प्रशिक्षक महासंघाने काल बदलला. चार ओळींचं पत्रक निघालं, त्यात 'परस्पर संमती' आणि 'नवी दिशा' हे दोन शब्दप्रयोग आहेत, कारण एकही नाही. पुढच्या विश्वचषकाची मोहीम संपेपर्यंत हाच माणूस राहील असा शब्द याच महासंघाने दिला होता, आणि त्या आराखड्यावर तुमच्या खात्याने अनुदान मंजूर केलं होतं. म्हणून हे पत्र तुम्हाला. महासंघाला लिहिलेल्या पत्रांची साधी पोचही येत नाही.

गेलेल्या प्रशिक्षकाची वकिली आम्हाला करायची नाही. राखीव आठांत सहा फॉरवर्ड (पुढे चेंडूसाठी झुंजणारे) आणि दोनच बॅक्स (मागे मोकळ्या जागेत पळणारे) घेण्याचा त्यांचा हट्ट होता. मग तिसरा बॅक जखमी झाला की फ्लँकरला, म्हणजे एका फॉरवर्डला, विंगवर (अगदी कडेला) उभं करावं लागायचं आणि शेवटच्या वीस मिनिटांत समोरचे त्याच कडेने आपल्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय करायचे. याचा जाब त्यांना विचारायलाच हवा होता. तो कोणी विचारला, कधी विचारला, त्यांनी काय उत्तर दिलं, हे आम्हाला कळलेलं नाही. थेट माणूसच गेला.

माणूस गेला म्हणजे काय काय जातं, हे निर्णय घेणाऱ्यांना ठाऊक असतं तर ते इतक्या सहज सही करते ना. एकटं लाइनआउट घ्या, म्हणजे चेंडू कडेबाहेर गेल्यावर तो आत फेकून खेळ पुन्हा सुरू करणं. कडेच्या रेषेपासून (टचलाइन) पाच आणि पंधरा मीटरच्या रेषांमध्ये दोन्ही संघांच्या दोन रांगा उभ्या राहतात. एक उडी घेणारा (जम्पर), त्याला पुढून-मागून उचलणारे दोघे (लिफ्टर), संकेत देणारा एक, आणि टचलाइनवरून फेकणारा हूकर. हूकरच्या हातून चेंडू सुटतो तेव्हा जम्पर अजून वर पोचलेला नसतो. तो रिकाम्या हवेत, ठरलेल्या जागी फेकतो. उचल क्षणभर आधी झाली की जम्पर खाली येऊ लागतो आणि चेंडू त्याच्या बोटांवरून निघून जातो. उशीर झाला की समोरचा मध्ये हात घालतो. घाईत फेक तिरकी गेली की शिट्टी, आणि चेंडू त्यांचा. हे पाच जणांचं गणित शेकडो वेळा घोटल्याशिवाय अंगात मुरत नाही.

नवा प्रशिक्षक आला की बहुधा आधी संकेतच बदलतात, कारण प्रत्येकाची पद्धत वेगळी असते आणि जुने संकेत बाहेर गेलेल्या माणसाला पाठ असतात. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. पेनल्टी मिळाली आहे, हमखास तीन गुण सोडून कर्णधाराने चेंडू कोपऱ्यात मारला आहे, ट्रायरेषा पाच मीटरवर आहे, मैदानात कानठळ्या बसवणारा गोंगाट आहे. संकेत ओरडला जातो आणि मागचा लिफ्टर जुन्या अर्थाने एक पाऊल पुढे सरकतो. चेंडू गेला, मॉल (चेंडू धरलेल्या गड्याला ढकलत पुढे नेणारा घोळका) गेला, सात गुण गेले. दुसऱ्या दिवशी शिव्या त्या लिफ्टरला बसतात.

बचावाचं दुखणं याहून खोल आहे. एक पद्धत झपाट्याने पुढे चढून समोरच्याला विचार करू न देण्याची, दुसरी हल्ल्याला कडेकडे ढकलत सरकण्याची. दोन्ही चांगल्या आहेत, पण मिसळल्या की घात होतो. आउटसाइड सेंटर सवयीने पुढे धावतो, त्याच्या शेजारचा, कडेचा विंगर नव्या शिकवणीप्रमाणे मागे थांबतो, आणि दोघांच्या मधून बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी होते. पहिल्या अर्ध्या तासात खेळाडू डोक्याने खेळतात तोवर हे झाकून जातं. दमल्यावर जुनी सवयच वर येते.

शिवाय मुख्य प्रशिक्षक एकटा जात नाही. त्याने आणलेले स्क्रम (दोन्ही संघांच्या फॉरवर्डनी चेंडूसाठी भिडून एकमेकांना रेटणं), बचाव आणि तंदुरुस्तीचे प्रशिक्षकही निघतात. कोणाच्या मांडीच्या मागच्या स्नायूला पूर्वी इजा झाली होती, कोणाचं वेगाचं धावणं किती टप्प्यांनी वाढवायचं, हा हिशेब त्यांच्याबरोबर जातो. नव्या माणसाने पहिल्याच आठवड्यात भार एकदम वाढवला की तेच स्नायू पुन्हा फाटतात.

बाहेर काय घडलं हे तरी महासंघाने पाहावं. ऑस्ट्रेलियाने जानेवारी 2023 मध्ये प्रशिक्षक डेव्ह रेनी यांना काढून एडी जोन्स यांना आणलं. त्याच वर्षीच्या विश्वचषकात फिजीकडून 22-15 आणि वेल्सकडून 40-6 असे पराभव झाले, इतिहासात पहिल्यांदा संघ गटातच बाद झाला, आणि पाच वर्षांसाठी आणलेले जोन्स वर्ष संपायच्या आत गेले. वेल्सने डिसेंबर 2022 मध्ये जुन्या यशाच्या आठवणीने वॉरन गॅटलंड यांना परत बोलावलं. सलग 14 कसोटी (आंतरराष्ट्रीय) सामन्यांतल्या पराभवांनंतर फेब्रुवारी 2025 मध्ये तेही गेले, तरी पराभवांची रांग 18 पर्यंत लांबली. याच जोन्स यांच्या हाती जपानचा संघ 2012 पासून टिकून होता, तेव्हा त्याने 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेला 34-32 असं हरवलं होतं. आयर्लंडने तर बचाव प्रशिक्षक अँडी फॅरेल यांना 2019 च्या विश्वचषकानंतर सूत्रं मिळतील, हे जवळपास वर्षभर आधी जाहीर केलं होतं.

नवा माणूसही लगेच जिंकून देतो असं म्हणत महासंघ दक्षिण आफ्रिकेच्या रॅसी इरॅस्मस यांचं नाव पुढे करील. त्यांनी 2018 मध्ये सूत्रं घेतली आणि 2019 मध्ये दक्षिण आफ्रिका जगज्जेती झाली, हे खरं आहे. पण त्यांच्याकडे संपूर्ण रग्बीचं संचालकपदही होतं. आपल्याकडे प्रशिक्षकाला खेळाडू शिबिराला कधी मिळणार हेसुद्धा पत्रव्यवहार करून विचारावं लागतं. अधिकार कार्यकारिणीचे, पराभव प्रशिक्षकाचा, हीच इथली रीत. आणि ती फक्त रग्बीत नाही. कोणत्याही खेळाचा महासंघ घ्या, तीच माणसं खुर्च्या बदलून बसलेली. ज्यांनी आधीचे प्रशिक्षक निवडले त्यांचीच निवड समिती, तिला चुकीच्या निवडीची शिक्षा कधीच नाही. कराराचा उरलेला पगार जनतेच्या पैशातून द्यायचा, आणि त्याच वेळी कुमार संघाला फिजिओ नाही म्हणून हात वर करायचे. आम्ही पहाटे उठून सामने पाहतो, तिकिटं काढतो, हरल्यावर आठवडाभर तोंडात घास फिरतो. आमच्या या जिवाच्या तळमळीवर हे लोक निवांत बसले आहेत, याचा संताप येतो.

तुमच्या हातात अनुदानाचा पुढचा हप्ता आहे. तो सोडण्यापूर्वी गेल्या हंगामाचा आढावा आणि करार मोडण्याचा खर्च जाहीर करायला लावा. सहप्रशिक्षकांचे करार मुख्य प्रशिक्षकाशी न बांधता महासंघाशी बांधायला सांगा, म्हणजे एक माणूस गेल्यावर तंदुरुस्तीच्या नोंदी आणि सामन्यांच्या चित्रफिती तरी इथेच राहतील. खेळाडूंचं म्हणणं नावं गुप्त ठेवून बाहेरच्या माणसाकडून ऐका. आणि नव्या प्रशिक्षकाला पहिल्या सामन्याआधी शिबिराचे किती दिवस मिळणार, तो आकडा त्याच्या नावाबरोबरच जाहीर होऊ दे. संकेत बदलायचे की जुनेच चालवायचे, हे त्याला त्या आकड्यावरूनच ठरवावं लागणार आहे.

आपले,
राष्ट्रीय रग्बी संघाचे चाहते