पाचनईच्या वाटेने, चिऊसकट

पुणे,
१८ डिसेंबर

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "सॅक माळ्यावर टाकली गं, आता पाच-सात वर्षं ती काही खाली येत नाही." तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. तुझं बाळ चार महिन्यांचं, रात्रीची झोप नाही, कंबर धरलेली. हे सगळं मी याच वर्षी भोगलंय. तरी सांगते, सॅक खाली काढ. गेल्या शनिवारी आम्ही चिऊला घेऊन हरिश्चंद्रगडाला गेलो होतो. सोमवारची रजा टाकून दोन रात्री राहून आलो. चिऊला आता दहावा महिना चालू आहे.

वाट अर्थातच पायथ्याच्या पाचनई गावातून जाणारी. आपण बेलपाड्यातून नळीच्या वाटेने, हातापायांनी कातळ धरत चढलो होतो तो गड हाच, यावर विश्वास बसत नाही. पाचनईची वाट कड्याच्या पोटातून आडवी जाते, मग ओढ्याच्या कडेने झाडीत शिरते. एरवी आपण दोन-अडीच तासांत वर पोचलो असतो. आम्हाला चार तास लागले, आणि ते आधीच धरून चाललो होतो. दर अर्ध्या-पाऊण तासाने सावली बघून चिऊला कॅरिअरमधून काढायचं, दुपट्यावर सोडायचं, तिला लोळू द्यायचं, वाळक्या पानांचा आवाज ऐकू द्यायचा. ती साडेआठ किलोची, वर कॅरिअरचं वजन. ते सगळं तिच्या बाबाच्या पाठीवर. पाणी, लंगोट, कपडे, खाणं माझ्याकडे.

एक गोष्ट तुला मुद्दाम सांगायची आहे, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. चढणारा माणूस घामाघूम होतो आणि पाठीवरचं बाळ नुसतं बसलेलं असतं. पहिल्या टप्प्यावर चिऊच्या बाबाने जॅकेट काढलं, मलाही उकडत होतं, आणि चिऊचे पाय हातात घेतले तर थंडगार! कॅरिअरमध्ये पाय लोंबकळत राहतात, मोजे निसटतात. माझ्या पोटात खड्डा पडला. मग मानेमागे हात घालून बघितलं, तिथे ऊब होती. तिथेच बघायचं, तळहात-तळपायावरून अंदाज येत नाही. त्यानंतर दोन मोजे चढवले आणि दर थांब्याला मान चाचपत गेले. सासूबाईंनी शिवलेली कुंची बरोबर होती, तिने खरं काम केलं. टोपी वाऱ्याने उडते, चिऊ ती ओढून काढते. कुंचीत कान आणि मान दोन्ही झाकतात.

तंबू आम्ही गडावर लावला नाही, पाचनईतच एका मावशींच्या अंगणात लावला. वर काही झालं तर अंधारात बाळाला घेऊन उतरणं मला मान्य नव्हतं. दवाखान्यासाठी राजूर गाठावं लागतं, त्यामुळे रात्री गाडी दाराशी हवी. आणि शेकोटीपासून तंबू लांब, धूर येणार नाही अशा बाजूला. पहिली रात्र कठीण गेली. तंबूच्या आतल्या बाजूला दव साचलं, म्हणून खिडकीची चेन थोडी उघडी ठेवली, तर गारठा आत. अडीच वाजता चिऊ जी रडायला लागली ती तासभर थांबेना. मी तिला दुपट्यात गुंडाळून अंगणात फेऱ्या मारल्या. मनू, त्या तासात मला वाटलं की हा माझा हट्ट आहे आणि त्याची शिक्षा ही एवढीशी पोर भोगतेय. उजाडताच परत फिरायचं असंही मी मनात ठरवलं. मावशी उठून आल्या. काही विचारलं नाही, पडवीच्या आढ्याला लुगड्याची झोळी बांधली आणि चिऊला आत घातलं. मी दोरी धरून पहाटेपर्यंत शेजारी बसले. सकाळी त्यांनी काळभाताचा गुरगुट्या भात करून दिला, तो चिऊने वाटीभर खाल्ला. घरून नेलेल्या नाचणीच्या सत्त्वाकडे तिने बघितलंही नाही. तिचं पोट भरलेलं बघून मला धीर आला आणि आम्ही निघालो.

आता वरचं. कोकणकड्यावर चिऊला न्यायचं नाही हे घरूनच ठरलं होतं. वारा, उघडी धार, तिथे पाठीवर बाळ नकोच. चिऊचा बाबा एकटा जाऊन आला. मी मंदिराच्या आवारात दगडाला टेकून चिऊला पाजत बसले. आपण किती वेळा गेलो असू गडावर? आणि दर वेळी सूर्यास्त गाठायचा म्हणून मंदिराला हात जोडून पळालो. या खेपेला माझ्यापाशी दीड तास होता आणि मांडीवर झोपलेलं बाळ, हलायची सोय नाही. पहिल्यांदा ते शिखर तळापासून कळसापर्यंत नीट पाहिलं. ऊन सरकतं तसे त्याचे कोपरे एकेक करून उजळतात.

चिऊ उठल्यावर आम्ही केदारेश्वराच्या गुहेपाशी गेलो. पाण्यात उतरलो नाही, तुला ते पाणी आठवतंय, हाडं गोठतात. काठावरूनच तिला दाखवलं. मधोमध ती मोठी पिंड, चार खांबांपैकी एकच शाबूत. चिऊने "आऽऽ" केलं आणि गुहेने ते परत दिलं. ती दचकली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा "आऽऽ". वीस मिनिटं तेच. मला रडू आलं गं. बाळंतपणानंतर किती महिने मला वाटत होतं की डोंगरातली मी संपले.

उतरताना चिऊचा बाबा काठी टेकत पुढे, मी मागे, अजिबात घाई नाही. वापरलेले डायपर सगळे पिशवीत बांधून पुण्याला परत आणले, त्याची तयारी ठेव.

तू लगेच गड चढू नकोस. बाळ आपलं आपण बसायला लागू दे, मान भक्कम होऊ दे, डॉक्टरांना विचार. तोवर नाशिकला पांडवलेण्याच्या पायऱ्या आहेत, बाळाला छातीशी बांधून जमतील तेवढ्याच चढ. फेब्रुवारी संपता संपता आपण भंडारदऱ्याला भेटू. चढाई नाही, नुसतं रतनवाडीपर्यंत जायचं आणि अमृतेश्वराच्या आवारात दोघींची पोरं सोडायची. तुझ्या तंबूच्या शिवणी पावसाळ्यात उसवल्या होत्या, त्या आत्ताच बघून घे. माझ्याकडे एक कुंची जास्तीची आहे, ती पुढच्या आठवड्यात पाठवते.

तुझीच,
चिऊची आई