आधी करार, मग प्रेक्षक

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार. महिलांच्या व्यावसायिक लीगबद्दल आपल्या क्रीडापानावर आलेला लेख वाचला. प्रेक्षक आले की पैसा आपोआप येईल, तोवर मुलींनी धीर धरावा, असा त्याचा सूर होता. मी ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला राहते आणि इथल्या महिला रग्बी लीगचे, म्हणजे एनआरएलडब्ल्यूचे, सामने मैदानात बसून पाहते. मला दिसलं ते याच्या नेमकं उलट आहे, म्हणून हे पत्र.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एका बाजूला १३ जणी. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना सहा टॅकलपर्यंत, म्हणजे समोरच्यांनी सहा वेळा धरून पाडेपर्यंत, संधी. तेवढ्यात ट्राय झाला नाही, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवता आला नाही, तर चेंडू समोरच्यांकडे जातो. मी कॉलेजात कबड्डी खेळले, डाव्या कोपऱ्यात. अंगावर धावून येणारीच्या मांडीला विळखा घालून तिला जागच्या जागी बसवणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. इथे तेच, पण समोरची पूर्ण वेगात येते.

२०१८ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा संघ होते चार: ब्रिस्बेन, सिडनी रूस्टर्स, सेंट जॉर्ज इलावारा आणि न्यूझीलंडचे वॉरियर्स. साखळीत प्रत्येक संघाला तीन सामने, मग अंतिम सामना, की संपलं. सामनाही ६० मिनिटांचाच. तेव्हा ‘प्रेक्षक येऊ देत, मग बघू’ म्हटलं असतं तर गाडी तिथेच थांबली असती. तसं झालं नाही. २०२३ मध्ये दहा संघ झाले, २०२५ मध्ये बारा, आणि साखळी अकरा फेऱ्यांची.

आमच्या न्यूकॅसल नाइट्सचंच पाहा. २०२१ चा हंगाम कोरोनामुळे लांबून २०२२ च्या सुरुवातीला झाला. आमचा तो पहिलाच हंगाम, आणि आम्ही पाचही सामने हरलो. लेखातल्या हिशेबाने हा संघ गुंडाळायला हवा होता. क्लबने उलट चांगल्या खेळाडू आणल्या, त्यात ब्रिस्बेनची तमिका अप्टनही होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरामाटाला ३२-१२ ने हरवून नाइट्सनी विजेतेपद मिळवलं. पुढच्या वर्षी गोल्ड कोस्टला २४-१८ ने हरवून ते राखलं. शेवटच्या जागेवरून पहिल्या जागी यायला काही महिने लागले, पण त्याआधी कुणीतरी पैसा घालावा लागला.

आता कराराबद्दल, कारण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट हीच आहे. २०२३ मध्ये या खेळाडूंचा पाच वर्षांचा सामूहिक करार झाला. त्या वर्षी किमान मानधन ३०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर ठरलं आणि २०२७ पर्यंत ते ५०,६०० व्हायचं आहे. आरोग्य विमा आणि गरोदरपणातली पगारी रजाही त्यात आहे. वाचताना मी त्या विम्याच्या ओळीवर थांबले. माझा गुडघा एका स्पर्धेत गेला. आयोजकांपैकी कुणी विचारपूसही केली नाही, शस्त्रक्रियेचा खर्च वडिलांनी उसनवारी करून भागवला, आणि तिथेच माझा खेळ संपला. माझ्यासारख्या किती जणी असतील? आपल्याकडे मुलींना खेळ आवडत नाही म्हणून त्या सोडतात असं नाही. दुखापत झाली तर निस्तरायचं कुणी, याचं उत्तर कुणाकडे नसतं, म्हणून सोडतात.

इथेही सगळं साधलेलं नाही, हेही लिहिते. अकरा फेऱ्यांचा हंगाम अजून तोकडाच आहे. किमान मानधनावर वर्ष काढणं कठीण, त्यामुळे अनेक जणी नोकरी सांभाळून सराव करतात. महिलांचा सामना आता ७० मिनिटांचा झाला आहे, पुरुषांचा मात्र ८०. ही दहा मिनिटं कशासाठी राखून ठेवली आहेत, ते मला कळत नाही. बायकांना पूर्ण ८० मिनिटं पेलत नाहीत असं म्हणणाऱ्याने एकदा मैदानाच्या कडेला उभं राहावं.

राहिला प्रेक्षकांचा प्रश्न. ६ जून २०२४ रोजी न्यूकॅसलच्या मैदानात आमचं राज्य न्यू साउथ वेल्स आणि शेजारचं क्वीन्सलँड यांच्यातला महिला स्टेट ऑफ ओरिजिनचा, म्हणजे या दोन राज्यांमधल्या लढतीचा, सामना झाला. २५,७८२ माणसं आली होती. शेवटी लॉरेन ब्राउनच्या एका ड्रॉप गोलवर (चेंडू हातातून जमिनीवर टाकून, तो उसळताच खांबांमधून मारायचा; त्याचा एक गुण) क्वीन्सलँड ११-१० ने जिंकलं. आमच्या बाजूचं स्टँड चिडीचूप झालं होतं. स्वतःचा संघ हरला म्हणून इतक्या माणसांना वाईट वाटणं, तेही महिलांच्या सामन्यात, हे मला फार मोलाचं वाटलं.

२०२६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रग्बी लीगचा विश्वचषक मुख्यतः ऑस्ट्रेलियात आहे. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाने मागचे तिन्ही विश्वचषक जिंकले आहेत. त्या काळात महिलांच्या सामन्यांचे निकाल आपल्या क्रीडापानावर छापावेत, चौकट लहान असली तरी चालेल. आणि महिला लीगवर पुन्हा लेख घ्याल तेव्हा खेळाडूंच्या करारात काय लिहिलं आहे, हे लेखकाला आवर्जून विचारा.

आपली नियमित वाचक,
न्यूकॅसल, न्यू साउथ वेल्स