उत्साह टिकावा कसा?

नवे शिक्षक फार काळ प्रयोगशील राहत नाहीत, अशी खंत व्यक्त करणारा आपला अग्रलेख वाचला. खंत रास्त असली, तरी दोष त्यांच्या वृत्तीत शोधणे पटले नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम आरंभले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात नेण्याची मोकळीक त्यांना होती. आजचा शिक्षणसेवक मात्र तीन वर्षे मानधनावर (प्राथमिकसाठी तेही २०२३ मध्ये वाढून १६ हजार झाले) राबतो आणि वर्गापेक्षा ऑनलाइन माहिती भरण्यातच अधिक गुंततो. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांना मुभा देते. निदान या तीन वर्षांत त्याचे काटेकोर पालन व्हावे आणि अनुभवी सहकाऱ्याच्या वर्गात बसून शिकण्याची सवड नवशिक्षकाला मिळावी.

– एक निवृत्त शिक्षिका, पालघर