चमचा पडलं

बंगळूर, १२ जानेवारी

प्रिय बाळ्या,

तुझा निरोप रात्री दोनदा वाचला. फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा नीट बसून लिहावंसं वाटलं.

पोरगं सव्वादोन वर्षांचं झालं तरी मोजकंच बोलतंय. घरात तुझी मराठी, वहिनींची बंगाली, पाळणाघरात हिंदी. तिथल्या बाईंनी 'एकच भाषा ठेवा' म्हटलं आणि तू मराठी बंद करायला निघालास. बाळ्या, तसं करू नकोस रे.

आधी काळजीचं बोलतो. त्याला येणारे शब्द एका कागदावर लिहून काढ, पण दोन्ही-तिन्ही भाषांतले धर. 'पाणी' आणि बंगालीतलं 'जॉल' हे त्याचे दोन शब्द झाले. आपण नुसते मराठी मोजतो आणि घाबरतो. या वयात पन्नासच्या आसपास शब्द आणि 'बाबा ये' असं दोन शब्दांचं जोडकाम दिसायला हवं. तेवढं नसेल तर आधी कान तपासून घे आणि स्पीच थेरपिस्टला दाखव, त्यात दिरंगाई नको. आम्हीही आमच्या लेकीचे, चिऊचे, कान तपासले होते. पण घरातली एक भाषा काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

दोन भाषांनी मुलाच्या डोक्यावर भार पडतो, ही समजूत जुनी आहे. पूर्वीच्या बऱ्याच चाचण्यांत मुलांच्या घरची परिस्थिती नीट लक्षातच घेतलेली नव्हती. १९६२ साली माँट्रियलमध्ये पील आणि लँबर्ट या संशोधकांनी ती काळजी घेऊन दहा वर्षांची मुलं तपासली, तेव्हा फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येणारी मुलं मागे नव्हती, उलट पुढे होती.

आम्ही सुरुवातीला 'एका माणसाची एक भाषा' हा नेम केला होता, मी मराठी, चिऊची आई कन्नड. ही रीत झूल राँझा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाची. बाप फ्रेंच बोलणार, आई जर्मन. मुलगा दोन्हीत वाढला आणि १९१३ मध्ये राँझाने ते सगळं पुस्तकात मांडलं. नेम चांगला आहे, पण त्याचा सोवळेपणा करू नकोस. चिऊ माझ्याशी कन्नडमध्ये बोलली तर मी मराठीत उत्तर देतो, एवढंच. तिला अडवत नाही. मला भीती कन्नडची कधीच नव्हती. शाळा सुरू झाली की इंग्रजी घरात शिरते आणि दोन्ही भाषांना कोपऱ्यात ढकलते, भीती तिची.

आता जे तुला सांगायचंच होतं ते सांगतो. चिऊ चार वर्षांची असताना आम्ही मे महिन्यात साताऱ्याला गेलो होतो. पंगत बसलेली. तिच्या हातून चमचा सुटला आणि ती म्हणाली, "बाबा, चमचा पडलं." मग "खुर्ची हललं." सगळे हसले. कुणीतरी तिला तेच पुन्हा म्हणायला लावलं, आणि परत हसले. मीही हसलो. पोरीने मान खाली घातली आणि त्यानंतर दोन दिवस मराठीचा एक शब्द काढला नाही. काही विचारलं की 'येस', 'नो'.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं. कन्नडमध्ये 'चमचा बित्तु', 'कुर्ची बित्तु', बित्तु म्हणजे पडलं. निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. पोर चुकत नव्हती, तिने नियम लावला होता, फक्त तो आईकडचा होता. तुझ्याकडे तर बंगालीत 'बाबा एशेछे' आणि 'मा एशेछे', आला-आली दोन्हीला क्रियापद तेच. तेव्हा तुझा मुलगा एक दिवस 'आई आला' म्हणणार, हे आत्ताच लिहून ठेव. त्या दिवशी तू हसू नकोस आणि कुणाला हसू देऊ नकोस.

तिला पुन्हा बोलतं केलं ते माझ्या आईने. गच्चीवर पापड वाळत घातले होते. आईने चिऊच्या हातात काठी दिली आणि राखणीला बसवलं. तासाभराने वरून हाक आली, "आजी, कावळा आलं!" आई खालूनच म्हणाली, "आला का मेला? हाकल त्याला!" चूक दाखवली नाही, 'असं म्हण' म्हटलं नाही. नुसतं उत्तर दिलं, आणि त्या उत्तरात बरोबर शब्द होता. दिवसभर हेच चाललं. कावळा आला, चिमणी आली, मांजर आलं. तिसऱ्या दिवशी वरून आवाज आला, "आजी, आला मेला!"

आमच्याकडे सासूबाई 'अज्जी' आणि माझी आई 'आजी'. लिहिताना केवढासा फरक, पण चिऊ कधी गल्लत करत नाही. अज्जीने तुप्प वाढायचं आणि आजीने तूप.

आता ती सहा वर्षांची आहे. 'खुर्ची हललं' अजून मधूनच येतं. गेल्या रविवारी आजीशी फोनवर बोलताना म्हणाली, "आम्ही मे महिन्यात येऊ, मग आपण पापड लाटू." आम्ही म्हणजे आजीला सोडून, आपण म्हणजे आजीला धरून. कन्नडमध्ये दोन्हीला एकच 'नावु'. हे तिला मी शिकवलेलं नाही, कुणीच नाही. मी स्वयंपाकघरात तसाच उभा राहिलो.

काकूंना रोज दहा मिनिटं नातवाशी बोलायला लाव, तो बोलो न बोलो. आणि कान तपासलेस की लगेच कळव.

वहिनींना नमस्कार, बाळाला पापा.

तुझा,
बंड्या