सूचना : रविवारी अक्षरांवर सोन्याचा वर्ख, जेसो (वर्खाखालचा चिकट लेप) घरूनच चढवून आणा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता रंकाळ्याजवळच्या नेहमीच्या खोलीत भेटू. वेळ मुद्दाम लवकरची ठेवली आहे. हवेत थोडा ओलावा असला की वर्ख चांगला धरतो. ऊन तापलं की जेसो कोरडा पडतो.

जेसो शनिवारीच अक्षरावर चढवा आणि साखर मोजूनच घाला. मागच्या वेळी माझ्या हातून जास्त पडली. ‘श्री’ची वेलांटी रात्रभर चिकट राहिली, घोटताना वर्खासकट उचलून आली. फार जीव हळहळला. चिमूटभर तांबडी माती मिसळा, म्हणजे पांढऱ्या कागदावर जेसो कुठवर गेलाय ते दिसतं.

नळीतून जेसोवर दोन-तीनदा खोल श्वास सोडायचा, लगेच वर्ख ठेवायचा, बटर पेपर धरून दाबायचा, मग अकीकाने, म्हणजे घोटायच्या गुळगुळीत दगडाने, घोटायचं. आधी सोनं, रंग नंतर. युरोपातले मध्ययुगीन कारागीर हाच क्रम पाळत, कारण वर्ख रंगालाही चिकटतो.

मिठाईवरचा चांदीचा वर्ख नको, तो काळा पडतो. काम चालू असताना पंखा बंद राहील. अकीक नसेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, माझ्याकडे दोन आहेत.