"हा शब्द लागत नाही" म्हणणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

एका डब्यातले जुने जर्मन कागद तुम्ही मला वाचून दिलेत, पण फोनवर त्याचे आभार मानूच देत नाही. "बरं बरं, दूध उतू चाललंय" म्हणता आणि ठेवून देता. चार वेळा तेच दूध उतू गेल्यावर मी ठरवलं, आता सगळ्यांदेखत लिहायचं. नाव घातलेलं नाही, एवढं तुमचं ऐकलं आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आमची दादरची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा माळा उपसताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आजी असती तर झाकण उघडायच्या आधीच म्हणाली असती, "वरच्या मॅडमचा." वरच्या मॅडम म्हणजे १९३९ साली व्हिएन्नाहून मुंबईत आलेल्या एक ज्यू बाई. गच्चीलगतच्या खोलीत तीसेक वर्षं भाड्याने राहिल्या, शिवणकामावर पोट भरलं, तिथेच गेल्या. माझ्या आईचे लहानपणचे सगळे फ्रॉक त्यांच्या हातचे. टाचण्या ओठांत धरून त्या माप मोजायच्या, ते आई अजून करून दाखवते: आइन्स, त्स्वाय, द्राय, ओठ न उघडता. "कुणीतरी न्यायला येईल" म्हणून आजीने डबा ठेवून दिला. कुणी आलं नाही. आणि त्या दिवशी खाली रद्दीवाला टेम्पो लावून उभा होता. डबा वाचला तो केवळ आईला त्यात सुया-दोरा असेल असं वाटलं म्हणून.

आत एक पासपोर्ट, अकरा फोटो, नाडीने बांधलेली पत्रं, काही छापील फॉर्म आणि टाइप केलेल्या याद्यांचे चार कागद.

माझा गुन्हाही इथेच कबूल करते. तुमच्याकडे येण्याआधी त्यातलं एक पत्र, घडीवर फाटत होतं म्हणून, मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलं होतं. तुमच्या टेबलावर ते चकाकणारं पत्र ठेवताना मला जरा अभिमानच वाटत होता. तुम्ही ते हातात घेतलंत, खिडकीकडे तिरकं धरलंत, आणि एवढंच म्हणालात, "हे आता कायमचं असंच." ओरडला असतात तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी पहिलं वाक्य होतं, "आधी हात धू, आणि कोरडे पुसून ये." दुसरं, "नाडी सोडलीस ती क्रम लिहून घेऊन सोडलीस ना?" नव्हता घेतला. मग तुम्ही वडिलांचं सांगितलंत. ते पेशवे दफ्तरात मोडी वाचायला बसायचे आणि रुमाल, म्हणजे कागदांची बांधलेली गाठोडी, सोडताना कागद जसे निघतील तसेच मांडायचे, कारण कुठला कागद कुणाच्या शेजारी होता हीसुद्धा माहिती असते. जर्मन तुम्ही चाळीस वर्षं शिकवलंत, पण कागद हाताळायला तुम्ही मोडीकडून शिकला होतात. फोटोमागे बॉलपेनने काही लिहायचं नाही, लिहायचं ते लखोट्यावर, शिसपेन्सिलीने, आणि फोटो आत घालायच्या आधी. गंजलेल्या टाचण्या ओढायच्या नाहीत. चिकट पानांच्या अल्बममध्ये काही लावायचं नाही. स्कॅन दोन्ही बाजूंचा, मागची बाजू कोरी असली तरी.

पत्रं मॅडमच्या आईची होती आणि जुन्या कुरेंट, म्हणजे हाताने लिहायच्या जर्मन, लिपीत होती. मी गटेची भाषा, म्हणजे जर्मन, दोन लेव्हल शिकलेली, मला त्यातलं एक अक्षर कळेना. "कळणार नाहीच," तुम्ही म्हणालात, "तुझ्या पणजोबांची मोडी तरी तुला कुठे येते?" मग भिंग देऊन दाखवलंत: हा 'ए' आहे, 'एन'सारखा दिसतो, 'यू'वर चंद्रकोर असते, ती नसेल तर तो 'एन'. आणि जाता जाता ते सांगितलंत, जे मी तेव्हापासून दहा जणांना तरी ऐकवलं असेल. जानेवारी १९४१ मध्ये नाझींनी जर्मन छपाईतलं जुनं वळणदार अक्षर "ज्यूंची अक्षरं" म्हणून मोडीत काढलं, आणि त्याच वर्षी शाळांतून ही हाताची लिपीही गेली. शतकानुशतकं जर्मन लोकच लिहीत आले ती. ती म्हातारी मात्र व्हिएन्नात बसून त्याच वळणात लेकीला लिहीत होती.

काय लिहीत होती? रजई कुणाला दिली. शेजारणीने शिवणयंत्राचं विचारलं. मुंबईत प्लम मिळतात का, त्याचे गोळे करताना पीठ सैल पडलं तर काय करायचं. मी प्रत्येक ओळीत भयंकर काहीतरी शोधत होते आणि तुम्ही पीठ सैल पडल्याचं शांतपणे वाचत होतात.

ते टाइप केलेले चार कागद मला धोब्याचा हिशोब वाटले होते. टॉवेल सहा, चादरी चार, अंगुस्ताने (शिवताना बोटात घालायच्या टोप्या) दोन, कात्री एक. तुम्ही त्यावरचा शिक्का दाखवलात. देश सोडणाऱ्या ज्यूंना बरोबर न्यायच्या प्रत्येक वस्तूची यादी मंजूर करून घ्यावी लागे, आणि रोख फक्त १० राइशमार्क नेता येत. म्हणजे नाझी राजवटीने एका शिंपिणीचे अंगुस्ताने मोजले होते. पासपोर्टमधला तांबडा 'योट', म्हणजे 'J' हे अक्षर, १९३८ च्या ऑक्टोबरपासून ज्यूंच्या पासपोर्टवर मारला जाणारा, मी फोटोंत पाहिलेला होता. नावात घुसवलेलं 'सारा'ही ऐकलेलं होतं. १९३९ पासून ज्यू बायकांना ते सक्तीचं होतं, पुरुषांना 'इस्राएल'. पण अंगुस्ताने दोन, यावर मी जी अडकले ती अडकलेच.

मग ते छापील फॉर्म. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश मुलखातून व्हिएन्नाला थेट पत्र जाणं बंद झालं, राहिला तो रेड क्रॉसचा संदेश. २५ शब्द, जिनिव्हामार्गे, घरगुती मजकूर तेवढा, उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर, आणि यायला कित्येक महिने. डब्यात असे चार होते. शेवटच्यावर १९४२ ची तारीख. मॅडमच्या आईने पाठीवर लिहिलं होतं की ती ठीक आहे, आणि मग एक क्रियापद. तुम्ही चष्मा काढलात. "याचा अर्थ प्रवासाला जाणं. सुट्टीला जातो तसं. आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो हा शब्द." नंतर तुम्ही उठून आत गेलात, आणि चहा यायला फार वेळ लागला.

व्हिएन्नातल्या दस्तऐवज केंद्राने मारल्या गेलेल्या ऑस्ट्रियन ज्यूंच्या नावांची सूची केली आहे, तिथे मॅडमच्या आईचं नाव तुम्हीच शोधलंत. बेलारूसमधल्या मिन्स्कजवळचं माली त्रोस्तिनेत्स. १९४२ मध्ये व्हिएन्नाहून तिथे सुमारे १०,००० ज्यू नेले, बहुतेकांना पोचल्या पोचल्या गोळ्या घातल्या. वाचल्याची नोंद १७ जणांची आहे.

आता भांडणाचं सांगते, कारण आभार खरे तर त्याचेच मानायचे आहेत. मी उत्साहाने एक टिपण लिहून आणलं होतं. त्यात "मुंबईने आपल्या उबदार कुशीत घेतलं" असं वाक्य होतं. तुम्ही पेन्सिलीने त्याखाली रेघ ओढून विचारलंत, "हे कुठल्या कागदात आहे?" मग एकेक कागद माझ्यापुढे ठेवलात. परदेशी म्हणून पोलिसांत नोंदणी. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटिशांच्या लेखी हे लोक 'शत्रुदेशीय' झाले. पुरुषांना अहमदनगरच्या छावणीत नेलं, जिथे ज्यू आणि नाझी एकाच कुंपणात होते. चौकशीनंतर बऱ्याच ज्यूंना सोडलं, तरी पुढे काही कुटुंबांना पुरंदर आणि साताऱ्यात ठेवलं होतं. आणि सगळ्यांत शेवटी, तीन महिन्यांचं भाडं थकलं म्हणून खोली खाली करा अशी माझ्याच पणजोबांची चिठ्ठी, त्यांच्या सुंदर इंग्रजीत. मॅडमनी तीही जपून ठेवली होती, आईच्या पत्रांच्या बरोबर मध्ये.

मला ती बाजूला ठेवायची होती. खोटं कशाला बोलू. "घरची आहे, बाकीच्यांबरोबर कशाला," असं मी पुटपुटलेही. तुम्ही म्हणालात, "तिने क्रम लावलाय, तू मोडू नकोस." चिठ्ठी स्कॅन झाली आहे. क्रमांक २३.

आकाशवाणीच्या धूनेचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते वॉल्टर काउफमन, टाइम्समधले चित्रकार लांगहॅमर, आपल्या प्रोग्रेसिव्ह गटातल्या चित्रकारांची चित्रं विकत घेणारे श्लेसिंगर, हे सगळे याच लाटेतून मुंबईत आलेले. त्यांच्यावर लेख आहेत. फ्रॉक शिवणारीवर कोण लिहिणार? तिचं जे काही उरलं ते या डब्यात. डब्याच्या अवताराबद्दल मी ओशाळले होते, तेव्हा तुम्ही वॉर्सॉच्या घेट्टोचं, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीचं, सांगितलंत: इतिहासकार रिंगेलब्लूम आणि त्यांच्या साथीदारांनी कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरले, पेट्या १९४६ ला सापडल्या, कॅन १९५० ला, आणि एक भाग आजतागायत नाही. "बिस्किटाचा डबा चांगलाच की," म्हणालात, "घट्ट बसतो. कसर लागली नाही बघ."

मूळ कागद कुठे जावेत यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. न्यूयॉर्कचं लिओ बेक इन्स्टिट्यूट जर्मन बोलणाऱ्या ज्यूंची घरगुती कागदपत्रंच जमवतं, ते तुम्ही सुचवलंत. भाऊ म्हणतो डबा आपला. आई म्हणते, आपला कधीच नव्हता, आपण फक्त सांभाळला. मी आईच्या बाजूने आहे, पण दमट हवेत आणखी एक पावसाळा काढायला नको, एवढं तरी भावाला पटलं आहे.

राहिला अकरावा फोटो. बाकावर दोन बायका, पायाशी कुत्रं. मागे पेन्सिलीने दोन शब्द. पहिला तुम्ही लगेच वाचलात, "च्यासोबत". दुसरा पुसट. मी म्हटलं, "बाई, 'आई'च असणार. वय बघा ना, नाक बघा." सगळ्या डब्यात त्या माउलीचा नाव लिहिलेला एकही फोटो नाही, मला तो हवा होता. तुम्ही भिंग लावून पुन्हा बघितलंत, अर्धा तास बघितलंत, आणि वहीत लिहिलंत: "च्यासोबत", पुढे रिकामा चौकोन. "असेलही. पण हा शब्द लागत नाही." मी रागावून पुण्याहून निघाले, हे तुम्हाला कळलं होतं का? शिवनेरीत लोणावळा येईपर्यंत राग होता.

परवा मी तो फोटो १२०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन केला, दिवा एका बाजूला ठेवून. शब्दाच्या शेवटी एक वळण उमटलं आहे, आधी दिसत नव्हतं. व्हॉट्सॲपवर पाठवत नाही, तुम्हाला ते मोठं करता येत नाही आणि मग चिडता. प्रिंट आणि फोटो दोन्ही घेऊन शनिवारी येते. हात धुऊनच बसेन. दूध तेवढं आधी तापवून ठेवा.

तुमची,
दादरची डबेवाली