संवाद कापू नका

महोदय,

मोझार्टच्या 'फिगारो' या ऑपेरानंतर दहाच आठवड्यांनी, ११ जुलै १७८६ रोजी व्हिएन्नात संगीतकार डिटर्सडॉर्फचा 'डॉक्टर उंड अपोथेकर' (वैद्य आणि औषधविक्रेता) हा विनोदी जर्मन ऑपेरा रंगमंचावर आला आणि प्रचंड गाजला. आज तो क्वचितच होतो. झाला, तर आधी कात्री लागते ती गाण्यांमधल्या, न गाता बोलल्या जाणाऱ्या संवादांना. हे फार चुकते! वैद्य आणि औषधविक्रेता यांचे हाडवैर, मुलीसाठी बापाने ठरवलेला प्रौढ कप्तान, तिचे प्रेम मात्र वैद्याच्या मुलावर, ही सारी गुंतागुंत संवादांतूनच उलगडते. अंकाअखेरचे लांबलचक समूहगान सलग चालते, तिथे खुलासा करायला उसंत नसते. मग वेषांतर कोणी केले, हेच प्रेक्षकाला कळत नाही. वेळ वाचवायचाच, तर एखादे एकल गाणे गाळावे.

– एक संगीतप्रेमी वाचक